बुडण्याची कला

हल्ली लोक चित्र पाहायला जात नाहीत, चित्रात जातात.

पूर्वी चित्र भिंतीवर असे आणि आपण जमिनीवर असू. मधे एक दोरी असे, दोरीपाशी एक स्टूल असे आणि स्टुलावर गणवेशातले एक गृहस्थ पेंगत असत. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, हात पाठीमागे बांधायचे, मान एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे कलती करायची, "हं" म्हणायचं आणि पुढच्या चित्राकडे सरकायचं, ही चित्र पाहण्याची सर्वमान्य पद्धत होती. त्या "हं"मध्ये सगळं मावत असे. चित्र कळलं, चित्र कळलं नाही, पाय दुखायला लागले आणि इथं चहा कुठे मिळतो, या चारही भावना एका अक्षरात व्यक्त करण्याची सोय दुसऱ्या कुठल्याही कलेत नाही.

आता दोरी गेली, स्टूल गेलं आणि स्टुलावरचे गृहस्थही बहुधा सेवानिवृत्त झाले. आता एक भलंमोठं अंधारं दालन असतं. त्याच्या चारी भिंतींवर आणि जमिनीवर प्रोजेक्टरमधून चित्र सांडलेलं असतं. संगीत चालू असतं. भिंतीवरच्या सूर्यफुलाची पाकळी गळते ती थेट आपल्या चपलेवर येऊन पडते. आपण चित्रासमोर नसतोच, चित्राच्या पोटात असतो. या प्रकाराला 'इमर्सिव्ह' कला म्हणतात.

मी कोश काढून पाहिला. इमर्शन म्हणजे बुडणं. आता मराठी मध्यमवर्गीय माणसाला या शब्दाची पिढ्यान् पिढ्या धास्ती आहे. आपल्याकडे बँक बुडते, भिशी बुडते, शाळा बुडते आणि उसने दिलेले पैसे तर न चुकता बुडतात. पदरचे पैसे खर्चून, रांगेत उभं राहून आपणहून बुडायला जायचं, ही कल्पना पचायला वेळ लागतो. इंग्रजी वर्तमानपत्रं 'इमर्शन' हा शब्द वापरतात तो गणपती विसर्जनासाठी. तिथेही वाजतगाजत आपण जातो, पण बुडवतो गणपतीला. स्वतः काठावर राहून वाटली डाळ खातो. या नव्या कलेत मात्र काठ ठेवलेलाच नाही.

अशाच एका दालनात आम्ही गेलो. कुठल्या शहरातल्या ते सांगत नाही, कारण आतला कारखाना सगळीकडे सारखाच असतो. बुडवण्यासाठी निवडलेला चित्रकार बहुतेक ठिकाणी एकच असतो. व्हिन्सेंट व्हॅन गॉग. हा बिचारा १८५३ साली जन्मला आणि १८९० मध्ये सदतिसाव्या वर्षी गेला. हयातीत त्याची चित्रं विकली गेली नाहीत म्हटलं तरी चालेल. भावाने पाठवलेल्या पैशांवर त्याने रंग आणले. आज त्याच्या चित्रांची नुसती सावली पाहायला जगभर माणसं तिकीट काढतात आणि बाहेर पडताना त्याच्या सूर्यफुलांची छत्री विकत घेतात. आमच्या हिनेही एक घेतली. "पावसात वापरायची नाही," असं सांगून ती कपाटात ठेवण्यात आली आहे.

आत काय दिसलं ते सांगतो. गव्हाचं शेत हललं, कावळे उडाले, तारे भिंगरीसारखे फिरले. एका भिंतीवर खुद्द व्हिन्सेंटसाहेबांनी डोळ्यांची उघडझाप केली. ती पाहून एक लहान मूल रडायला लागलं. ती मला त्या संध्याकाळची सर्वांत प्रामाणिक समीक्षा वाटली. बाकीची मंडळी चित्राकडे पाठ करून मोबाइलकडे तोंड करत होती. बुडायला आलेला प्रत्येक जण बुडताना आपण कसे दिसतो याचा फोटो काढत होता.

माझी तक्रार फोटोंबद्दल नाही. माझी तक्रार त्या फिरणाऱ्या ताऱ्यांबद्दल आहे. 'तारांकित रात्र' हे चित्र व्हिन्सेंटने जून १८८९ मध्ये काढलं. त्या वेळी तो फ्रान्समधल्या सँ-रेमी गावच्या मनोरुग्णालयात होता. मूळ चित्र साधारण चौऱ्याहत्तर सेंटिमीटर उंच आणि ब्याण्णव सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे कॅरम बोर्डापेक्षा थोडंसंच मोठं. त्या कॅरम बोर्डावर, वाळून घट्ट बसलेल्या रंगात, त्याने आख्खं आभाळ गरगरतं ठेवलं. रंग जागचा हलत नाही आणि आपली नजर मात्र थांबत नाही, ही त्याची करामत. ते तारे यंत्राने खरोखरच फिरवले, की करामत कोणाची उरली? जादूगाराने टोपीतून ससा काढला तर आपण टाळ्या वाजवतो. ससा आपण होऊन टोपीतून बाहेर आला, तर त्याला कोणी जादू म्हणत नाही, टोपी उघडी राहिली म्हणतात.

इतकं म्हणून मी हा लेख संपवला असता आणि कलेचा एक जुना कैवारी म्हणून मिरवलोही असतो. पण आमच्याबरोबर मास्तर होते.

मास्तर म्हणजे आमच्या शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर. वय वर्षं एक्याऐंशी. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेली शेकडो पोरं त्यांनी मार्गी लावली. वर्गात दाखवायला त्यांच्याकडे व्हिन्सेंटचं एकच चित्र होतं, कुठल्याशा मासिकातून कापलेलं, पोस्टाच्या पाकिटाएवढं. ते पुठ्ठ्यावर डकवून ते पन्नास पोरांत फिरवायचे. शेवटच्या बाकावर पोचेपर्यंत त्या तारांकित रात्रीवर चिंचेचे दोन-चार डाग नव्याने उगवलेले असत. गेली काही वर्षं मास्तरांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला आहे. समोरचं, मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं. वाचन बंद, चित्रं बंद. "मला आता माणसाचे फक्त कान दिसतात," असं ते म्हणतात, "आणि कानावरून माणूस ओळखायला शिकलोय." त्यांना आणावं की नाही यावर आमच्या घरी दोन दिवस खल झाला होता. शेवटी ही म्हणाली, "अहो, गाणं तरी ऐकतील."

दालनात शिरल्यावर मास्तर बराच वेळ गप्प उभे राहिले. मग म्हणाले, "अरे, मला भिंतीजवळ ने. अगदी जवळ."

मी नेलं. भिंतीवर आभाळातलं एक वेटोळं होतं, पुरुषभर उंचीचं. पाकिटाएवढ्या चित्रात जो फटकारा टाचणीएवढा दिसत असे, तो इथे हातभर लांब होता. मास्तरांनी उजवा हात उचलला आणि त्या फटकाऱ्यावरून फिरवायला सुरुवात केली. खांद्यापासून. "हे बघ, हा इकडून आला. इथं दाबला. इथं ब्रश कोरडा पडला, म्हणून उचलला. बघितलंस? घाईत आहे, पण गडबडीत नाहीये." चित्र बदललं की ते थांबत. नवं आलं की पुन्हा सुरू. थोड्या वेळाने पाहतो तर आजूबाजूला पाच-सहा मुलं उभी राहून मास्तरांसारखेच हात फिरवत होती. त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. एका बाईंनी तर मला विचारलं, "हे आजोबा प्रत्येक शोला असतात का?"

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मास्तर, पण ते तारे फिरवले ते—"

"चूकच ते," मास्तर म्हणाले. "आणि रंग किती जाड लावलाय तेही कळत नाही. भिंत ती भिंतच. चित्र नव्हतंच ते. पण मला पत्ता सापडला."

कसला पत्ता ते आठवड्याने कळलं. मास्तरांनी हार्डवेअरच्या दुकानातून रंगाऱ्याचा चार इंची ब्रश आणवला आणि सोसायटीकडे कंपाऊंडच्या भिंतीसाठी रीतसर अर्ज केला. "लहान दिसत नाही, मोठं दिसतं, एवढं साधं आपल्याला आधी का सुचलं नाही," हा त्यांचा प्रश्न. सेक्रेटरींनी विषय कार्यकारिणीपुढे ठेवला. कार्यकारिणीने 'चित्र आक्षेपार्ह नसावे आणि पार्किंगच्या रेषांना बाधा येऊ नये' या अटींवर मंजुरी दिली. आता त्या भिंतीवर पंधरा फुटी शेवग्याचं झाड आहे. शेंगा जरा कानांसारख्या वाटतात, पण झाड वाऱ्यात आहे हे रिक्षावाल्यांनाही कळतं.

तेव्हा या कलेत माणसाला उठवून बसवण्याची ताकद नाही, असं म्हणायची सोय मला उरलेली नाही. ताकद आहे. प्रश्न एवढाच, की ती कशात आहे? प्रोजेक्टरच्या संख्येत आहे, की आणखी कशात?

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. फ्रान्समध्ये ले बो नावाचं एक गाव आहे. बॉक्साइट या खनिजाला नाव मिळालं ते याच गावावरून. तिथल्या दगडाच्या बंद पडलेल्या खाणीत १९७७ मध्ये आल्बेर प्लेसी या गृहस्थांनी उंचच उंच पांढऱ्या भिंतींवर चित्रं टाकायला सुरुवात केली. आजच्या दालनांचं हे आजोळ म्हणायला हरकत नाही. गंमत म्हणजे ज्या मनोरुग्णालयात व्हिन्सेंटने ते तारे रंगवले, ते या खाणीपासून दहाएक किलोमीटरवर आहे. पुढे पॅरिसमध्ये २०१८ साली एका जुन्या ओतकाम कारखान्यात असंच दालन उघडलं. २०२० मध्ये ते एका दूरदर्शन मालिकेत दिसलं आणि मग अमेरिकेत जो तो बुडायला धावला.

त्याच्याही मागे जा. १९५२ मध्ये फ्रान्समधल्याच शाँबोरच्या राजवाड्यावर पहिला 'ध्वनि-प्रकाश' कार्यक्रम झाला. करणारे पॉल रोबेर-उदँ. हे एका विख्यात जादूगाराचे नातू. तोच जादूगार, ज्याच्या नावावरून पुढे हुदिनीने आपलं नाव घेतलं. म्हणजे या कलेच्या रक्तातच टोपी आणि ससा आहेत. कल्पना मात्र फार देखणी होती. नट नाही, नाच नाही. रात्र, एक वास्तू, दिवे आणि आवाज. खिडकीत दिवा लागतो आणि आपण समजायचं, की राणी जागी आहे. राणी दाखवायची नाही. ती ज्याची त्याने आणायची.

आपल्याकडे हा प्रकार १९६५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात आला आणि मग गावोगावच्या किल्ल्यांना वाचा फुटली. इतकी फुटली, की आता एखादा किल्ला गप्प बसलेला दिसला तर त्याची तब्येत बरी नसावी असं वाटतं. या कार्यक्रमांचा एक ठरलेला मसुदा आहे. आधी घुबड ओरडतं. मग घोड्यांच्या टापा डाव्या कर्ण्यातून उजव्या कर्ण्यात जातात. मग एक खर्जातला आवाज म्हणतो, "मी या साऱ्याचा साक्षीदार आहे." हा साक्षीदार कधी बुरूज असतो, कधी नदी, कधी वडाचं झाड. इतके साक्षीदार असूनही आपल्या इतिहासातले वाद मिटत नाहीत, हे आश्चर्य आहे. लढाई झाली की लाल दिवा, राज्याभिषेक झाला की पिवळा दिवा आणि फितुरी झाली की हिरवा दिवा. हिरव्या दिव्याने फितुरांचं काय घोडं मारलंय कोण जाणे. एका किल्ल्यावर तर ऐन खलित्याच्या वेळी कर्णा बंद पडला आणि दहा मिनिटं आम्ही नुसत्या काळ्याभोर तटाकडे आणि वरच्या चांदण्यांकडे बघत बसलो. दुरून कुठूनतरी कुत्रं भुंकलं. अंगावर काटा आला. एवढ्यात कर्णा सुरू झाला आणि काटा गेला.

शहरांत हेच काम गणपतीतले हलते देखावे करीत आले आहेत. पोत्याचा डोंगर, पुठ्ठ्याचा गड, टेपवरचं निवेदन, मान फक्त डावीकडे वळणारा मावळा आणि त्याच्यावर फिरणारा दिवा. पाच मिनिटांत पडदा पडतो आणि "पुढे चला, पुढे चला" सुरू होतं. समीक्षकांनी याची दखल घेतली नाही, पण वडिलांच्या खांद्यावर बसून ते पाहिलेल्या माणसाला तो मावळा जन्मभर आठवतो. कदाचित मान फक्त डावीकडेच वळायची म्हणूनच. उजवीकडची मान आपण वळवून घेतलेली असते.

अंदमानला सेल्युलर जेलमधला कार्यक्रम पाहिला तेव्हा ही गोष्ट मला नीट उमजली. तिथेही साक्षीदार आहेच, अंगणातला पिंपळ. त्या वेळी त्याला ओम पुरींचा आवाज होता. मसुदाही तोच होता, दिवेही साधे. पण आम्ही ज्या खुर्च्यांवर बसलो होतो त्या त्याच अंगणात होत्या. समोर कोठड्यांच्या रांगा होत्या आणि त्यातल्या एका कोठडीत सावरकर होते, हे शाळेत पाठ केलेलं असलं, तरी गजांमागे एक पिवळा दिवा लागेपर्यंत ते फक्त पाठ होतं. दिवा लागला, कोलूचा करकर आवाज आला आणि पुढच्या रांगेतल्या एका पोराने आइस्क्रीमचा चमचा खाली ठेवला. कोणी त्याला सांगितलं नव्हतं. कार्यक्रमाने काही दाखवलं नाही, फक्त बोट दाखवलं. पाहण्याचं काम त्या पोराने केलं.

याउलट, सगळं काम यंत्राने केलं की काय होतं, त्याचंही एक थोर उदाहरण आहे. १९५८ च्या ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात फिलिप्स कंपनीने एक मंडप उभारला. काम दिलं होतं ल कॉर्ब्युझिए यांना. पण साहेब तेव्हा आपल्या चंडीगडच्या बांधकामात गुंतलेले. त्यांनी मंडपाचा आराखडा झेनाकिस या आपल्या मदतनिसाकडे सोपवला. मदतनीस स्वतः संगीतकार. त्याने सिमेंटचा एक विलक्षण वाकडा तंबू उभा केला. आत तीनशेहून अधिक ध्वनिवर्धक, भिंतींवर चित्रं, रंगीत प्रकाश आणि एडगार वारेझ यांचं आठ मिनिटांचं संगीत. ते आवाज भिंतींवरून खरोखरच सरपटत जात. संगीतवाले आजही त्याचं नाव आदराने घेतात. पण प्रदर्शन संपलं आणि १९५९ च्या सुरुवातीला मंडप पाडून टाकला. ध्वनिफीत उरली. ती घरी बसून ऐकली, तर शेजारचे विचारायला येतात, की मिक्सर बिघडला का.

म्हणजे दिव्यांची आणि कर्ण्यांची संख्या हे काही उत्तर नव्हे. मला पटलेलं उत्तर लंडनमध्ये दिसलं. लंडनला आम्ही कलेसाठी गेलो नव्हतो. मुलीच्या बाळंतपणासाठी गेलो होतो. २००३ चा हिवाळा. बाळंतपणात आजोबांचा उपयोग काय असतो, तर ते घराबाहेर राहिलेले बरे, एवढाच. म्हणून मला रोज हाकलण्यात येई. दुपारी चार वाजायच्या आत सूर्य मावळायचा, आणि त्याआधी तो उगवला होता याला पुरावा नसायचा. अशात टेट मॉडर्न या संग्रहालयात शिरलो, कारण तिथं फुकट आणि उबदार होतं.

आधी ते वीजघर होतं. जिथे टर्बाइन होती ते दीडशे मीटर लांबीचं दालन. त्याच्या टोकाला, धुक्यात, एक भला थोरला पिवळा सूर्य. ओलाफर एलिआसन या कलावंताची 'द वेदर प्रोजेक्ट' नावाची ही करणी. मी जागच्या जागी थांबलो. दोन आठवड्यांत पाहिलेला पहिला सूर्य, तोही घरात!

हा सूर्य खरं म्हणजे अर्धाच होता. अर्धवर्तुळाकार पडदा, त्याच्यामागे दोनशेच्या आसपास एकरंगी पिवळे दिवे आणि छताला आरसा. वरचा अर्धा सूर्य आरशातला. धुकं म्हणजे साखरपाण्याचा फवारा. त्या दिव्यांच्या उजेडात पिवळा आणि काळा सोडून बाकी रंग दिसत नाहीत. त्यामुळे लाटसाहेब, मी आणि झाडूवाला, सगळे एकाच रंगाचे. विशेष म्हणजे हे काही लपवलेलं नव्हतं. सूर्याच्या मागे जाऊन दिवे, तारा, खिळे सगळं बघता येत होतं. मी गेलो, बघितलं, हिशेब केला आणि पुढे येऊन पुन्हा थक्क झालो. टोपी उलटी करून दाखवल्यावरही ससा निघत होता.

आणि मग लोकांकडे लक्ष गेलं. इंग्रज माणूस. शेजाऱ्याशी बोलायला हवामानाचा आधार लागणारा. ती माणसं कोट घालून सरळ जमिनीवर आडवी झाली होती आणि वर, आरशात, स्वतःचे मुंगीएवढे हातपाय हलवून पाहत होती. अनोळखी माणसं एकमेकांचे हात धरून चांदण्या करीत होती, अक्षरं करीत होती. कोणी सांगितलं नव्हतं, पाटी नव्हती. पाच महिन्यांत वीस लाखांहून अधिक माणसं येऊन गेली म्हणतात. मीही आडवा झालो. शेजारी एक आजीबाई आडव्या होत्या. म्हणाल्या, "छान हवा आहे आज!" मी म्हणालो, "फारच!" बाहेर गारठा मी म्हणत होता.

एलिआसनने अर्धाच सूर्य लावला. अर्धा आरशाने दिला आणि त्याच्याखाली काय करायचं ते माणसांवर सोडलं. शाँबोरच्या खिडकीतली राणी, डावीकडेच वळणारा मावळा, गजांमागचा दिवा आणि हा अर्धा सूर्य ही एकाच घराण्यातली मंडळी. मास्तरांच्या बाबतीतही तेच झालं. तारे फिरवणाऱ्या यंत्राने त्यांना काही दिलं नाही. यंत्राने चित्र नुसतं मोठं केलं. हात मास्तरांनी फिरवला. प्रेरणा म्हणतात ती बाहेरून अंगावर ओतता येत नाही. ओतलं तर माणूस भिजतो, टॉवेल शोधतो आणि घरी जातो. त्याच्यासाठी थोडी जागा मोकळी सोडावी लागते. आमच्या दालनवाल्यांनी एवढंच करावं. चार भिंतींतली एक कोरी ठेवावी, मधेच पाच मिनिटं संगीत बंद ठेवावं आणि व्हिन्सेंटसाहेबांना डोळे मिचकावायला लावू नये. तिकीट तेवढंच घेतलं तरी चालेल.

हे कोणाला जमत नसेल, तर त्याने कोल्हापूरला जावं. अंबाबाईच्या देवळात वर्षातून दोनदा, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर, किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात, पितळी उंबरठा, चांदीचा उंबरठा करीत गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांशी, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. सगळा खेळ काही मिनिटांचा. दिवा एकच, तोही पंधरा कोटी किलोमीटरवर. देऊळ बांधणाऱ्याने काय केलं? त्या दिव्यासाठी वाट मोकळी ठेवली आणि बाकी सगळीकडे अंधार ठेवला. पुढे लोकांनी त्या वाटेत इमारती उभ्या केल्या, ही गोष्ट वेगळी. त्यांतले अडथळे शोधून काढणं आता एक वार्षिक काम होऊन बसलं आहे.

आम्ही गेलो त्या नोव्हेंबरात पश्चिमेला ढग होते. देवळातले दिवे मालवले. एरवी देवळात कोपरानं संवाद साधणारी माणसं श्वास धरून उभी होती. किरणांची एक तांबूस पट्टी फरशीवरून आली, सरकत सरकत चांदीच्या उंबरठ्याला लागली आणि तिथेच विझली. एक मोठा सुस्कारा ऐकू आला. कार्यक्रम रद्द. पण पैसे परत मागायला कोणी गेलं नाही, व्यवस्थापकांच्या नावाने कोणी ओरडलं नाही. माझ्या पुढच्या म्हातारीने पदर सारखा केला, नातवाला उचलून कडेवर घेतलं आणि म्हणाली, "आज उंबऱ्यापर्यंत आली. उद्या येऊ या."

दुसऱ्या दिवशी आम्ही तासभर आधीच जाऊन उभे राहिलो. म्हातारी आमच्याही आधी आली होती.